नववी पुडी

त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या देव्हाऱ्यात आठ पुड्या होत्या. गावच्या भैरोबाचा अंगारा, भीमाशंकरची विभूती, राजगुरुनगरच्या पुढच्या एका मठातल्या धुनीची राख, दर्ग्यातली उदी, दिराच्या सासुरवाडीच्या देवीचा अंगारा, शेजारणींनी आणून दिलेले आणखी दोन, आणि निमगावच्या खंडोबाचा भंडारा. भंडारा म्हणजे हळद, तो काही अंगारा नव्हे, पण सासूबाईंनी त्यालाही रांगेत बसवलं होतं. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या सगळ्या पुड्या एकसारख्या दिसत. कुठली कुठल्या देवाची, हे फक्त त्यांना ठाऊक. रोज सकाळी त्या माझ्या मिस्टरांना अंगणात उन्हाला बसवत आणि ओळीनं आठही देव त्यांच्या कपाळाला लावत. पिवळं, पांढरं, करडं. हे बिचारे डोळे मिटून बसत. मी चहाचा कप घेऊन मागं उभी असे आणि मनातल्या मनात चरफडत असे.

चरफडायचं कारण असं, की मला ठाऊक होतं आणि त्या दोघांना नव्हतं. डिसेंबरात पिंपरीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि माझ्या दिराला केबिनबाहेर घेतलं आणि सांगितलं, की पोटातली गाठ साधी नाही आणि तुम्ही उशिरा आलात. औषधं देऊ, ताकद टिकेल तेवढी टिकवू. पेशंटला किती सांगायचं ते घरच्यांनी ठरवा, असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले. ठरवायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. दिरानं तिथंच भिंतीला टेकून माझ्याकडून शब्द घेतला. "वहिनी, दादाला कळता कामा न्हाई. खचंल त्यो. आन् आईला तर बिलकूल न्हाई." मग आम्ही आत गेलो आणि अल्सर आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडे असंच करतात. ज्याचं मरण, त्यालाच ते सगळ्यात शेवटी कळतं.

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या महाळुंग्याला माहीत आहे. सव्वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली होती. नणंदेनं दिलेली साडी मी बोहारणीला घालून पातेलं घेतलं होतं, आणि तेही ह्यांना आठवड्याच्या आत कळलं. अशा बाईवर ही जबाबदारी आली होती. ह्यांनी "पोट आज जड वाटतंय गं" म्हटलं, की मी लगेच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागायची. चेहरा दाखवण्यापेक्षा राग दाखवणं मला सोपं जातं.

आमच्या घराला लागून भाड्याच्या सहा खोल्या आहेत. जमिनी कंपन्यांत गेल्या तशा गावात सगळ्यांनीच उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या. कोपऱ्यातल्या खोलीत तेव्हा जालना जिल्ह्यातलं एक जोडपं राहत होतं. कॅथलिक. त्यातली ती माझ्याच कंपनीत, माझ्याच लाईनवर होती. आम्ही गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. ती बोर्डावर वायरी बसवायची, मी तपासायची. तिच्या मंगळसूत्रात मधोमध वाट्यांच्या जागी बारकासा क्रूस होता. एवढं सोडलं तर ती आमच्यातलीच दिसायची. सासूबाईंना तिचा धर्म कळायला सहा महिने लागले. कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मंग शिमग्याला पोळी खाती का न्हाई?" खाते म्हटल्यावर तो विषय संपला.

आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्याला ती झावळ्यांचा रविवार म्हणते, तिनं चर्चमधून झावळीच्या पात्या आणल्या आणि एका पातीचा विणून केलेला क्रूस सासूबाईंना दिला. सासूबाईंनी तो दारावर आंब्याच्या डहाळीशेजारी खोचला. देवाचं आहे म्हटल्यावर त्या चौकशी करत नाहीत. वर्षभर तो तिथं वाळत राहिला. डहाळी पाडव्याला बदलली, दसऱ्याला बदलली, पण क्रूस तसाच राहिला.

महाशिवरात्रीच्या दिवशी ही आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, ती मागच्या वर्षीची झावळी द्या बरं. आज चर्चला नेऊन द्यायचीय, जाळायला."

"देवाचं जाळत्यात व्हय गं?"

"जाळून त्याची राख करतात. अन् परवा बुधवारी ती कपाळाला लावतात. राखेचा बुधवार म्हणतो ना आम्ही."

सासूबाई उपासाची भगर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हंजी अंगारा."

"नाई आजी. अंगारा नाई."

"मंग काय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? "राख," ती म्हणाली.

"मंग त्येच की!" सासूबाई म्हणाल्या आणि पुढचं सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं झालं. झावळी वर्षभर आमच्या दाराला होती. तिनं आमच्या घरावरून कितीतरी वारं जाताना पाहिलं होतं. तेव्हा तिच्या राखेत आमचा हिस्सा निघतो. "माझ्या लेकाला त्यातला चिमूटभर पायजे. आन् परक्याच्या हाती देवाचं मागवत न्हाईत. घरचं मानूस जाऊन आणतं." घरचं माणूस म्हणजे मी. दीर त्या दिवसांत कंपनीच्या कामाला बाहेरगावी होते, आणि ते असते तरी सासूबाईंनी मलाच पाठवलं असतं.

ती पोरगी पुष्कळ समजावत राहिली. हे दुखण्याखुपण्याचं नसतं, पश्चात्तापाचं असतं, ह्याच्यानंतर आमचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो. सासूबाई मान हलवत होत्या. उपवास, राख, देव. त्यांना ह्यात न कळण्यासारखं काही दिसत नव्हतं. गोंधळ माझ्याच डोक्यात होता. बरं करत नाही ती राख कपाळाला लावून करायचं काय?

मला नाही म्हणायचं होतं. पण त्या राखेचं मी एक जुनं देणं लागत होते, आणि ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी ती लाईनवर नवीनच लागली होती. एका सकाळी ती कपाळावर काळा डाग घेऊन आली. मला वाटलं, मशीनचं ग्रीस लागलंय. मी माझ्या हातातल्या फडक्यानं, "अगं, अवतार काय हा!" असं म्हणत तिचं कपाळ खसाखसा पुसून काढलं. चार जणी हसल्या. तिनं हात वर केला होता, पण माझ्या हाताला धरलं नाही. मी इन्स्पेक्टर, ती नवीन. संध्याकाळी बसमध्ये तिनं हळूच सांगितलं, "ताई, ते चर्चचं होतं." मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "असू द्या, ते पुसायचंच असतं कधीतरी." मला ते वाक्य धड कळलं नाही आणि कळलं नाही म्हणून जास्तच लागलं.

तर बुधवारी सकाळी मी तिच्याबरोबर निघाले. तिची दुसरी शिफ्ट होती, मी डिसेंबरपासून रजेवरच होते. नाशिक फाट्याला बस सोडली आणि कासारवाडीच्या बाजूला चालत गेलो. चर्चच्या दारात सवयीनं चपला काढल्या. आत शिरल्यावर बघते तर दुसऱ्या कुणीच काढल्या नव्हत्या. परत जाऊन घालाव्यात तर ते आणखी वाईट दिसेल, म्हणून अनवाणीच बसले. फरशी गार पडली होती. समोर क्रूसावरचा देव मान टाकून होता. हात जोडले, पण त्याला काय म्हणायचं हे सुचेना. आमच्या देवांपुढं उभं राहिलं की तोंडातून आपोआप बाहेर पडतं, ह्यांना बरं वाटू दे. ज्याला स्वतःलाच एवढं लागलंय त्याच्याकडे तब्येत कशी मागायची?

पेटी आणि तबल्यावर मराठी गाणी चालली होती, चाल थेट आमच्या देवळातल्या भजनाची. मला बरं वाटलं. मग सगळे उभे राहिले, मी उभी राहिले. मी उभी राहिले तोवर सगळे बसले. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी मी तिच्या पदराकडे लक्ष ठेवलं, पदर हलला की उठायचं. फादर बोलत होते ते मराठीच होतं, शब्द सगळे ओळखीचे, तरी माझ्या हाताला काही लागत नव्हतं. कंपनीत मी तपासलेल्या मालाला चिठ्ठी लावते. बरोबर असेल तर हिरवी, चुकीचं असेल तर लाल, आणि काही ठरतच नसेल तर पिवळी, म्हणजे बाजूला ठेवा, साहेब आल्यावर बघू. त्या सकाळी मी जे जे बघत होते त्या सगळ्याला पिवळीच लागत होती.

मग दोन रांगा लागल्या. एकीच्या टोकाला फादर, दुसरीच्या टोकाला एक वयस्क सिस्टर, दोघांच्या हातात छोट्या वाट्या. मी तिला विचारलं, "मी रांगेत आलेलं चालतं का? मी तुमच्यातली नाही." ती म्हणाली, "चालतं ताई. राख सगळ्यांना असते." मी फादरांच्या रांगेत तिच्या मागं उभी राहिले. पुढं सरकता सरकता एकाएकी माझ्या लक्षात आलं. माझ्या कपाळावर कुंकू होतं. टिकली नाही, पिंजर. सासूबाईंच्या घरात दुसरं चालत नाही. आता हा माणूस राखेचा अंगठा नेमका तिथंच टेकवणार. नवरा आजारी आणि मी सकाळी सकाळी स्वतः चालत येऊन कुंकू मोडून घेतेय! मागं वळावं तर मागं पंधरा माणसं. ती पुढं सरकली, तिनं कपाळ वर केलं, फादर काहीतरी पुटपुटले, आणि माझी पाळी आली.

फादर चाळिशीतले असतील. त्यांनी अंगठा राखेत बुडवला, वर आणला आणि थांबले. अर्धा क्षणच असेल. त्यांनी माझं कुंकू पाहिलं. मग अंगठा वर, पार केसांच्या कडेला नेला आणि तिथं एक उभी, एक आडवी रेघ काढली. कुंकवाला धक्का लावला नाही. हुश्श झालं मला. त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की ते काय म्हणताहेत इकडे माझं लक्षच नव्हतं. त्यामुळं ते वाक्य जरा उशिरा माझ्या कानात शिरलं.

लक्षात ठेव, तू माती आहेस, आणि मातीलाच मिळणार आहेस.

मी तिथंच उभी राहिले. तिनं हाताला धरून मला बाजूला घेतलं. मी आजवर कितीतरी ठिकाणी कपाळ पुढं केलंय. देवळात, दर्ग्यात, मठात. प्रत्येकानं काहीतरी लावलंय आणि प्रत्येकजण म्हणालाय, होईल सगळं नीट. आणि इथं? जे वाक्य दोन महिने मी दातांखाली धरून ठेवलं होतं, भांडी आपटून दाबलं होतं, ते ह्या माणसानं ओळखदेख नसताना माझ्या तोंडावर सांगितलं. तेही मला. आजारी तर मी नव्हते! मागच्या म्हाताऱ्याला तेच, त्याच्यामागच्या कॉलेजच्या पोरीला तेच. शेजारच्या रांगेत सिस्टर वेगळंच म्हणत होत्या, पश्चात्ताप करा, शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. म्हणजे चार पावलं डावीकडे उभी राहिले असते तर मला दुसरं काही ऐकायला मिळालं असतं. मला रडू आलं आणि रागही आला. आधी काय आलं ते सांगता येणार नाही.

मिस्सा, म्हणजे त्यांची ती सगळी उपासना, संपल्यावर ती मला फादरांकडे घेऊन गेली. घरी आजारी माणूस आहे, त्यांना यायला जमत नाही, त्यांच्या आईनं राख मागितलीय, असं तिनं सांगितलं. आमच्या झावळीच्या हिश्श्याचंही सांगितलं, तेव्हा फादर हसले. मग माझ्याकडे वळले. "आम्ही हे लावताना काय म्हणतो ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"हे औषध नाही, ताई."

"त्यांच्या आईला ते पटत नाही."

फादरांनी हातातल्या वाटीकडे बघितलं. देऊ की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेही माझ्यासारखेच अडकलेत हे पाहून मला जरा धीर आला. शेवटी त्यांनी एका कोऱ्या कागदात चिमूटभर राख घातली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. "मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन," एवढंच म्हणाले. बरे होतील असं म्हणाले नाहीत.

नाशिक फाट्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. तिचा तो दिवस उपासाचा होता, पण चहा चालत होता. मी तिच्यावरच उखडले. "असलं कुणी माणसाला तोंडावर सांगतं का? तू मला आधी सांगायचं नाहीस?"

"काय सांगू माय? आम्हाला लहानपणापासून दरवर्षी सांगतात. काही वाटत नाई."

"दरवर्षी कशाला पण? एकदा सांगितलं, कळलं!"

ती चहा पीत राहिली. मग म्हणाली, "बाकीच्या दिवसांत कोणीच सांगत नाई ना ताई." तिला ह्यांचं काही माहीत नव्हतं. तिलाही आम्ही अल्सरच सांगितला होता. मी पर्समधल्या पुडीवर हात ठेवून बसमध्ये बसले आणि भोसरी येईपर्यंत एकच विचार करत राहिले, की ही खिडकीतून टाकून द्यावी आणि घरी चुलीतली राख न्यावी. सासूबाईंना काय कळणार? पण खिडकीशी ती बसली होती. तिच्या देखत तिच्या देवाचं दुसऱ्यांदा पुसून टाकायला हात धजेना.

घरी पोचले तेव्हा दहा वाजत आले होते. हे अंगणात खुर्चीवर बसले होते, आठ पुड्यांचं कपाळ करून. सासूबाईंनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, कुंकू जागेवर आहे ना, ते. मग वरच्या काळ्या रेघांकडे. "ब्येस लावलाय," म्हणाल्या आणि पुडी माझ्या हातातून घेतली. तिला हळदकुंकू वाहिलं, देवापुढं ठेवली, उचलली, ह्यांच्यावरून तीनदा ओवाळली. "इडा पिडा टळू दे, माझ्या लेकाला उदंड आयुष्य मिळू दे," असं म्हणत नववा देव आठांच्या वर लावला. थोडी राख पाण्यातून पाजायची होती त्यांना. तेवढं मात्र मी ओरडून बंद केलं. मग त्या पुडी देव्हाऱ्यात ठेवायला आत गेल्या.

मी ह्यांच्याजवळ उभी होते. माझ्या कपाळावर तेच, ह्यांच्या कपाळावर तेच. ज्या शब्दांनी मला लावलं होतं त्यांच्या बरोबर उलट शब्दांनी ह्यांना लावलं होतं. देवांनाच ते कसं वाटलं असेल, मला काही उमगेना.

"काय म्हणले तिथं?" ह्यांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"कुठं?"

"चर्चात. राख लावताना काहीतरी म्हणत्यात की त्ये लोक."

"म्हणाले, देव तुमचं भलं करो. आयुष्य देवो."

हे हसले. त्यांचं हसू हल्ली खोकल्यात संपायचं, तसं ते संपलं. मग डोळे उघडून म्हणाले, "पिंपरीला कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर कोण व्हता, ठावं हाय ना तुला? आपल्या लग्नाला आल्ता. वीस वर्सं. ह्या दिवशी कपाळ काळं करून यायचा. मी दरवर्सी म्हणायचो, काय राव, काय सांगितलं आज तुमच्या फादरनं? आन् त्यो दरवर्सी म्हणायचा, माती हायेस, मातीत जाशील. मी म्हणायचो, सकाळच्या पारी मयताचं काय बोलतोस भावा, मशीन चालू कर."

तो माणूस मला आठवत होता. आमच्या घरी दोनदा जेवून गेला होता. त्याचं ते काळं कपाळ मी कधीच पाहिलं नव्हतं, कारण तो यायचा रविवारी.

"तुला खोटं बोलता येत न्हाई," हे म्हणाले. रागानं नव्हे, अगदी सरळ. "दोन म्हैने झालं, बोलतीयास. मला तुझीच कीव यायला लागली हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? अल्सरवाल्याला आठ देव लागत न्हाईत गं."

मी खाली पायरीवर बसले. मी रडले, तोंडावर पदर धरून, आत आवाज जाऊ नये म्हणून. ह्यांनी मला रडू दिलं. मग हात पुढं करून माझी मान वर केली आणि माझ्या केसांच्या कडेच्या त्या रेघा बघितल्या. बराच वेळ बघत होते.

"तुला बी त्येच सांगितलं का त्यांनी?"

"हो."

"आन् बाकीच्यांना?"

"सगळ्यांना. लहान पोरांनासुद्धा."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या एकट्यासाठीच हाय का काय." मग त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आईला न्हाई सांगायचं हां. खचंल ती."

ऑगस्टच्या शेवटी ते गेले. मधले सहा महिने आम्ही दोघं सगळं बोललो. सासरी असलेल्या मुलीचं, खोल्यांचं, कुठं काय ठेवलंय त्याचं, आणि मी किती कजाग आहे त्याचंही. सासूबाई आल्या की दोघंही अल्सरवर यायचो. नऊ पुड्या शेवटपर्यंत चालू होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या सगळ्या एका फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाल्या, "इंद्रायणीत सोडून ये. मला ठावं व्हतं, ह्यांच्यानं काय व्हायचं न्हाई. पर त्येच्यासमोर कसं बोलायचं?" म्हणजे घरात तिघं होतो आणि तिघांनाही ठाऊक होतं. त्या नवव्या पुडीनं काय केलं, चांगलं की वाईट, माझं अजून ठरलेलं नाही. तिची चिठ्ठी पिवळीच आहे.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी ती पोरगी चर्चला निघाली आणि मी म्हटलं, थांब, मी येते. का म्हटलं, ते विचारू नका. मागायला काही नव्हतं. धर्म बदलायचाही नव्हता, आजही घरात भैरोबाचाच दिवा लावते मी. चपला या वेळी घालूनच आत गेले आणि तेही चुकल्यासारखं वाटलं. रांगेत फादर तेच होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. अंगठा राखेत बुडवला, वर आणला, आणि या वेळी चुकवण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तो थेट कपाळाच्या मधोमध टेकला. मी तेच वाक्य ऐकलं, शब्द न् शब्द.

घरी आले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. ऑगस्टपासून त्या माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नसत, खाली पदराकडे बघून बोलत. माझं पांढरं कपाळ त्यांना सोसायचं नाही, आणि टिकली लाव म्हणायला जीभ रेटायची नाही. त्या दिवशी त्यांनी मान वर केली. राखेकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांत बघितलं.

"राहू दे आजच्या दीस," त्या म्हणाल्या. "पुसू नगं. कपाळ मोकळं न्हाई दिसत."